जुन्या मियाटातलं वजन: काय उतरवायचं, काय राहू द्यायचं

पत्र: मी मिशिगनमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी १९९० सालची लाल माझदा मियाटा घेतली, दोन आसनांची उघडी छोटी स्पोर्ट्स कार, १.६ लिटर इंजिनाची. आधीच्या मालकाने १७ इंची चाकं आणि डिकीत सबवूफर बसवून ठेवलाय. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ऑटोक्रॉसला जातो, रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून घड्याळाशी शर्यत. मित्राची नवी गाडी दर वेळी दोन सेकंद पुढे असते. टर्बोसाठी पैसे नाहीत, म्हणून वजन कमी करायचं ठरवलंय. माझी यादी अशी: एसी, हीटर, कार्पेट, सॉफ्ट टॉप म्हणजे कापडी छप्पर, स्टीअरिंगमधली एअरबॅग, दारातल्या आडव्या पट्ट्या, बंपरमागचा आधार, पॉवर स्टीअरिंग, आणि जमेल तिथे होल सॉने भोकं. बायकोचं म्हणणं, चांगली गाडी मोडीत काढतोयस. मुलगी १६ वर्षांची आहे, तिला याच गाडीवर मॅन्युअल गिअर शिकवायचाय. १०० किलो उतरतील का? सुरुवात कुठून करू?

नमस्कार,

तुमची यादी मी दोनदा वाचली. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्याच पिढीच्या गाडीवर. म्हणून आधीच सांगते: १०० किलो उतरतील. पण यादीतल्या बहुतेक वस्तू काढून नव्हे, आणि तुम्ही ठरवलेल्या क्रमाने तर नाहीच. तुमच्या गाडीतलं सगळ्यात वाईट वजन तुमच्या यादीत आलेलंच नाही. त्याचा उल्लेख तुम्ही पत्राच्या तिसऱ्याच वाक्यात, जाता जाता केलाय.

ही गाडी मुळात जड नाही, हे आधी ध्यानात घ्या. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हाच अमेरिकन मॉडेलचं वजन साधारण ९९० किलो होतं. ही गाडी घडवणाऱ्या चमूचे प्रमुख तोशिहिको हिराई. त्यांच्या चमूने ते कसं राखलं, हे बॉनेट उचललंत की हाताला कळतं. ते ॲल्युमिनियमचं आहे. गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल जोडणारी लांब चौकटही ॲल्युमिनियमचीच. बॅटरी छोटी आणि डिकीत, म्हणजे नाकावरचा भार कमी. पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं वजन. इंजिन मात्र ११६ हॉर्सपॉवरचं. त्यांना ताकदीची गाडी करायचीच नव्हती, हलकी करायची होती. त्यामुळे ज्या गाडीतून कारखान्यातच वजन वेचून काढलंय, तिच्यातून आणखी काढायला गेलं की थोड्याच वेळात आपला हात हाडांपर्यंत पोचतो. दारातल्या पट्ट्या, बंपरमागचा आधार, एअरबॅग ही ती हाडं.

पण गेल्या पस्तीस वर्षांत गाडीत जे भरलं गेलं, ते हिराईंनी भरलेलं नाही. तिथून सुरुवात करा.

चाकं

एक १७ इंची चाक टायरसकट काढा आणि न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. बाजारात मिळणारी स्वस्त ओतीव रिम असेल तर काटा १९-२० किलोवर जाईल. गाडीबरोबर आलेली १४ इंची, सात आऱ्यांची अलॉय रिम नुसती साडेपाच किलोंच्या आसपास आहे, टायरसकट बारा-तेरा. म्हणजे एका चाकामागे साधारण साडेसहा किलो, चारी मिळून २६.

हे २६ किलो डिकीतल्या २६ किलोंसारखे नाहीत. चाक गाडीबरोबर पुढे जातं आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतंही, त्यामुळे पिकअप घेताना इंजिनाला त्याचं वजन दोनदा मोजावं लागतं. सगळं वस्तुमान अगदी टायरच्या कडेला असतं तर एक किलो बरोबर दोन किलोंसारखा वागला असता. प्रत्यक्षात तो दीड किलोच्या आसपास पडतो. चाकातला एक किलो म्हणजे दहा किलो, असं छातीठोक सांगणारे लोक भेटतील तुम्हाला. गणित तसं सांगत नाही. पण दीडपटही कमी नाही: तुमचे २६ किलो इंजिनाला चाळीसएक किलोंसारखे जाणवतात. शिवाय हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली आहे. उंचवट्यावरून गेल्यावर जड चाक जमिनीवर परतायला वेळ घेतं, आणि टायर हवेत असताना कुठल्याच गाडीला पकड नसते.

आणखी एक गोष्ट. २०५/४० आर १७ हा टायर मूळच्या १८५/६० आर १४ पेक्षा उंचीला तीन टक्के मोठा आहे. म्हणजे प्रत्येक गिअर तीन टक्के लांब झाला. तुमच्याकडे नेमका हाच साईज असेल तर नुसती चाकं बदलून ती ओढ परत मिळेल, इंजिनाला हातही न लावता.

जुनी सात आऱ्यांची रिम वापरलेली सहज मिळते. पण चांगले टायर आता १४ इंचात फार उरलेले नाहीत, म्हणून माझा कल १५ इंची हलक्या रिमकडे आहे. सहा किलोच्या आतली घ्या आणि त्यावर १९५/५० चढवा.

टायरचं बोलतेच आहे तर तुमच्या आताच्या टायरच्या कडेवर एक ओळ शोधा, ‘डॉट’पासून सुरू होणारी. तिचे शेवटचे चार आकडे बघा. २३१४ असं असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही खोल दिसो, असा टायर लाकूड झालेला असतो. तुमच्या मित्राचे दोन सेकंद, मला मनापासून वाटतं, बरेचसे तिथेच आहेत. ऑटोक्रॉसमध्ये तुम्ही एक मिनिट जवळजवळ सतत वळत असता. सरळ पळायला जागाच कुठे असते?

डिकी

सबवूफर, त्याचं लाकडी खोकं, ॲम्प्लिफायर आणि तिथून पुढे नेलेली जाड केबल काढून टाका. माझ्याही गाडीत असलंच काहीतरी होतं, १८ किलो भरलं. शर्यतीच्या दिवशी स्टेपनी, जॅक आणि पाना घरी ठेवा, ते तेरा-चौदा किलो. एरवी मात्र परत ठेवा. मिशिगनच्या थंडीत रात्री अकरा वाजता हायवेच्या कडेला टायर बसला तर त्या चौदा किलोंची किंमत कळते.

पेट्रोलची टाकी ४५ लिटरची. पूर्ण भरली तर ३३ किलोच्या आसपास. पाव टाकीवर शर्यतीला गेलात तर पंचवीस किलो फुकट वाचले.

हिशेब करा. चाकं २६, डिकीतलं संगीत १८, स्टेपनी आणि हत्यारं १४, पेट्रोल २५. ऐंशीच्या पुढे गेलो, आणि गाडीचा एक स्क्रूसुद्धा कायमचा गेलेला नाही.

कार्पेट

इथे मी माझीच गोष्ट सांगते, कारण हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या वर्षी मी आसनं काढून कार्पेट उचललं. खाली जाड फेल्टचा थर असतो. पॅसेंजरच्या बाजूचा थर हातात घेतला तर तो नेसल्या साडीतून ओला पदर पिळावा तसा निथळायला लागला. काट्यावर ठेवला: नऊ किलो. गॅरेजमध्ये दोरीवर आठवडाभर वाळवला आणि परत ठेवला: साडेतीन. साडेपाच किलो पावसाचं पाणी मी किती महिने घेऊन हिंडत होते, कुणास ठाऊक!

ते पाणी कुठून आलं ते बघा. सॉफ्ट टॉपच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांत, पाणी उतरायला नळ्या आहेत. पानं आणि माती साचून त्या तुंबतात. मग पाणी आत शिरतं किंवा उंबऱ्याच्या, म्हणजे दाराखालच्या, पत्र्यात साठून त्याला आतून खातं. मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. कुरकुरला तर वजनाचं सगळं थांबवा आणि आधी गंज कापून नवा पत्रा जोडून घ्या. मऊ, लवचीक वायरने नळ्या साफ करा. टोकदार तार घुसवू नका, नळी फाटते.

कार्पेट वाळवून परत घाला, हे माझं मत. कोरड्या कार्पेटचं वजन किरकोळ, आणि त्याच्याशिवाय गाडी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. जमिनीवरचे डांबरी पॅच काढायचा मोह होईल. ड्राय आइस पसरून दहा मिनिटांनी हातोडी मारली की ते बिस्किटासारखे तडकतात, बघायला मजा येते. माझे मिळून साडेतीन किलो निघाले. त्यासाठी अर्धा रविवार गेला आणि नंतर चार वर्षं कान. तरीही करणार असाल तर गॅरेजचं दार सताड उघडं ठेवा, ड्राय आइसचा वायू खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. जाड हातमोजे घाला.

एसी, हीटर, पॉवर स्टीअरिंग

तुमच्या यादीतला खरा उमेदवार एसीच. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, नळ्या, डॅशमागची पेटी मिळून वीसएक किलो, त्यातलं बरंचसं अगदी नाकावर. डिकी रिकामी झाली की मागचं टोक हलकं होतं. नाकावरचंही उतरलं की तोल राहतो आणि गाडी वळायला चपळ होते, कारण दोन्ही टोकांचं वजन गेलं.

पण १९९० च्या गाडीच्या एसीत थंडावा देणारा जुना आर-१२ वायू असतो. नळी सैल करून तो हवेत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि ओझोनच्या थराला त्याने काय होतं ते आपण शाळेत शिकलोय. प्रमाणपत्र असलेल्या मेकॅनिककडून तो आधी काढून घ्या. मग सगळे सुटे भाग नावं लिहून एका खोक्यात ठेवा. गाडी विकताना ते खोकं तुमच्या उपयोगी पडेल.

एसी काढताना पुढचे पट्टे निघतातच, तेव्हा आणखी एक काम करा. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, नाक आखूड आहे, आणि त्यावर पुली घट्ट धरणारी धातूची छोटी चावी झिजली की पुली डुगडुगायला लागते. इंजिन चालू करा, हात लांब ठेवा आणि खालच्या पुलीकडे बाजूने बघा. ती थाळीसारखी सपाट फिरायला हवी. डुलत असेल तर तुमचे सगळे पैसे आधी तिकडे जातील, चाकांकडेसुद्धा नाही.

हीटर काढू नका. तीन-चार किलोंसाठी मी तो काढला होता. ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी संध्याकाळी घरी येताना पुढची काच आतून पांढरी झाली आणि मी एका हाताने स्टीअरिंग, दुसऱ्या हाताने रुमाल अशी आठ मैल आले. समोरून येणारे दिवे नुसते धुक्यातले गोळे दिसत होते. दुसऱ्याच दिवशी हीटर परत बसवला.

पॉवर स्टीअरिंग ही आवडीची गोष्ट आहे. पंप आणि नळ्या गेल्या की काही किलो वाचतात आणि रस्ता हाताला जास्त स्पष्ट कळतो. पण नुसता पट्टा काढून चालत नाही, तेलाचा विरोध तसाच राहतो आणि पार्किंगमध्ये खांदे भरून येतात. रॅक उघडून आतली सील काढावी लागते. तुमची मुलगी या गाडीवर शिकणार आहे. मी असते तर हे एवढ्यात केलं नसतं.

ज्याला हात लावायचा नाही

एअरबॅग, दारातल्या पट्ट्या, बंपरमागचा आधार, सीटबेल्ट. या चारांबद्दल मी वाद घालणार नाही. ही गाडी आजच्या गाड्यांच्या मानाने चिमुकली आहे. रस्त्यावर तुमच्या बाजूला तिप्पट वजनाचे पिकअप ट्रक उभे असतात आणि त्यांच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतसुद्धा नाही. तुमच्या १९९० च्या मॉडेलला एअरबॅग एकच आहे, ड्रायव्हरची. त्या सीटवर उद्या तुमची मुलगी बसणार आहे.

होल सॉ कपाटात ठेवून द्या. उघड्या गाडीला छप्पर नसतं, म्हणून तिचा सगळा ताठपणा खालच्या पत्र्यात आणि उंबऱ्यात असतो. तिथे भोकं पाडलीत तर दोन-तीन किलो जातील, गाडी पिळायला लागेल आणि प्रत्येक भोकाची उघडी कड मिठाच्या रस्त्यावर गंजेल. माझदाने स्वतःच १९९४ मध्ये १.८ लिटरचं मॉडेल आणताना खाली जास्तीचे आधार घातले, थोडं वजन वाढवून.

मीही वजन वाढवलंय. माझ्या गाडीत आसनांमागे रोल बार आहे, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी धातूची कमान, अठरा किलोंची. पुढच्या काचेची चौकट गाडी उलटल्यावर कुणाला वाचवेल, यावर मी विसंबू शकत नाही. तुम्हीही तो बसवाल तर त्यावर घट्ट फोमचं पॅडिंग चढवा. रस्त्यावर आपल्या डोक्यात हेल्मेट नसतं. आणि रोल बारशिवाय चार-पाच पट्ट्यांचा शर्यतीचा हार्नेस कधीच लावू नका. तो माणसाला ताठ बांधून ठेवतो, आणि गाडी उलटली तर सगळ्यात उंच भाग तुमचं डोकं असतं.

सॉफ्ट टॉप काढला तर वीसएक किलो जातात, पण मग गाडी पावसात न्यायची नाही असं ठरवावं लागतं. नळ्यांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

तुम्ही म्हणाल, शर्यतीच्या गाड्या तर अशाच सोलून काढतात. खरं आहे. पॉर्शने १९७३ ची ९११ करेरा आरएस २.७ अशीच सोलली होती. पातळ पत्रा, पातळ काच, मागची आसनं नाहीत, बॉनेटवर धातूच्या बिल्ल्याऐवजी स्टिकर. हलकी आवृत्ती ९६० किलोंच्या आसपास, टूरिंग १०७५. पण एकूण १५८० गाड्यांत ती हलकी आवृत्ती फक्त २०० जणांनी घेतली. १३०८ जणांनी टूरिंग घेतली, गालिचे आणि आसनांसकट. ज्यांना गाडी रोज चालवायची होती त्यांनी ते शंभर किलो स्वखुशीने परत घेतले. म्हणून तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं.

अजून तीन कामं

एखाद्या संध्याकाळी गाडी स्टँडवर उचला आणि न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, मागची चाकं हाताने फिरवा. या गाडीचे मागचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे चिमटे, अडकतात. चाक घासत, कष्टाने फिरत असेल तर तुम्ही ब्रेक अर्धवट दाबून शर्यत खेळताय, वजन कितीही काढलंत तरी.

दुसरं, बॅटरी. मूळची बंदिस्त होती आणि तिचा वायू नळीने बाहेर जायचा. कुणी तिथे साधी बॅटरी ठेवली असेल तर आम्लाने डिकीचा उजवा कोपरा खाल्लेला असेल, तो बघा. लिथियमची घेतलीत तर पाच-सात किलो वाचतात, पण ती कडक थंडीत सकाळी मान टाकते. गाडी हिवाळ्यात झाकून ठेवत असाल तरच घ्या.

तिसरं, तुमच्या क्लबचं चालू वर्षाचं नियमपुस्तक. रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गात स्टेपनी आणि जॅक काढायला सहसा हरकत नसते, रिमच्या रुंदीवर मात्र मर्यादा असते. एसी काढलात की तुम्ही वरच्या वर्गात जाता, आणि तिथे वर्षानुवर्षं तयारी केलेल्या गाड्या उभ्या असतात. चाकं विकत घेण्याआधी हे वाचा. चाकं बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, जुळवून घ्या, आणि ती करताना ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसा. एवढ्या हलक्या गाडीत माणसाच्या वजनाने कोन बदलतात.

या सगळ्याने पिकअपमध्ये काय पडेल? तुमच्यासकट गाडी आज साधारण ११०० किलो धरली आणि शर्यतीच्या दिवशी ८० उतरवले, तर सात टक्क्यांच्या वर. चाकांचा फिरता हिस्सा आणि गिअरची ती तीन टक्के ओढ त्याच्यावर. इंजिन न उघडता दहा-बारा हॉर्सपॉवर मिळाल्यासारखं आहे हे, आणि टर्बो देणार नाही अशी गोष्टही मिळेल: ब्रेक उशिरा दाबता येईल.

तुम्ही शेवटी हलक्या फ्लायव्हीलचंही, म्हणजे इंजिनाच्या मागे फिरणाऱ्या जड चकतीचंही, विचारलं असतंत, असं मला वाटतं, कारण टर्बोचा नाद सुटलेला प्रत्येक जण तिकडे वळतो. ते काम करतं. तीन किलो हलकं फ्लायव्हील माझ्या ढोबळ हिशेबाने पहिल्या गिअरमध्ये साठ किलो उतरवल्यासारखं वागतं, चौथ्यात मात्र जेमतेम सहा-सात, कारण त्याचा परिणाम गिअरच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. पण क्लच सोडताना इंजिनाला आधार देणारं वजन तेच असतं. ते गेलं की चढावर, सिग्नलला, मागे हॉर्न वाजत असताना गाडी बंद पडते, आणि नव्याने शिकणाऱ्याचा धीर त्याच क्षणी जातो. मुलगी आधी शिकू दे. पुढच्या वर्षी क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली येईल, तेव्हा तिलाही गॅरेजमध्ये बोलवा आणि दोघं मिळून बसवा.